मांजरपाटावर माहं अंग

मूळची कुठली म्हणून विचारता तर लिहा, छत्तीसगढ़ातल्या या गुढ़ियारीची. सगळे असंच विचारतात, मूळच्या कुठल्या, अन् मी तुमसर म्हटलं का मान हालवतात, आता समजलं म्हणून. पण तुमसरले माहा बाप जनमला, मी नाई. बाप रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाले आला अन् इथंच राह्यला. मी इथं जनमली, इथंच लगन झालं, इथंच मशीन चालवून राह्यली, अन् मरीन तेबी इथंच. तरी नागपुराकडे कोणाच्या लगनात गेलं का बाया म्हणतात, आल्या छत्तीसगढ़वाल्या, अन् इथं पाऱ्यात, म्हंजे मोहल्ल्यात, माहं नाव काय तं मराठीन बाई. माहं नाव सुशीला आहे. सुशीला निनावे. पूर्ण लिहा, ते कपड्यावर बी पूर्णच लिहिलं आहे, त्याच नावापाई तं एवढं सगळं झालं.

काय सांगू तुमाले, सुरुवात कोपरापासून झाली. अकरा वर्षांची होती मी, उजव्या कोपरावर एक पांढरा ठिपका, मसुरीच्या दाण्याएवढा. मायनं पाह्यला अन् तिच्या हातातला तांब्या तसाच राह्यला. मंग बावचीचं तेल लावून मले उन्हात बसवायची, फोड यायचे, फोड फुटले का डाग आणखी मोठा. कोड म्हणतात आपल्यात. इकडे सफेद दाग म्हणतात. डॉक्टरनं तवाच सांगतलं होतं, हे लागत नाई, दुखत नाई, यानं कोणी मरत नाई. पण डॉक्टर एकडाव सांगते अन् लोक रोज सांगतात. मायले शिवता येत नव्हतं, अन् माह्या फ्राकच्या बाह्या तं मोठ्या करायच्या होत्या, म्हणून शेजारच्या काकूच्या मशीनवर मीच शिकली. लोक म्हणतात सुशीलाबाईचा हात चांगला आहे. अजी, चांगला कसा नाई राहीन, स्वतःले झाकायसाठीच शिकली मी.

बापानं लगन जुळवतानी लपवलं नाई, हे मी त्याचं मानतो. तीन ठिकाणचे लोक चहा पिऊन गेले. चवथे हे आले, हे रेल्वेतच होते, यायनं माहे हात पाह्यले, बशी घेतली, अन् पोहे खाल्ले. एवढंच. पण सासूनं अट घातली, सुनबाई बाही मनगटापर्यंत घालीन, अन् लगनाकार्यात हळदीले पुढे येणार नाई. आपल्यात पाच सवासिनी नवरीले हळद लावतात, तुमाले माहीतच आहे. तीस वर्षांत या घराण्यात किती लगनं झाली, सगळ्या नवऱ्यायचे ब्लाउज मी शिवले, काठ मी लावले, हूक मी लावले, अन् हळद लागायच्या वेळी मी मांडवाच्या मागच्या बाजूले खुर्च्या मोजत उभी. कोणी सांगतलं नाई का जा म्हणून. सांगायचं कामच नव्हतं, मीच जायची.

रश्मी झाली, माही एकुलती एक, तं मी काय करत होती सांगू, तुमी हसू नका. दर शनिवारी तिले न्हाऊ घालतानी तिचं सगळं अंग पाह्यची. कानामागे, बगलेत, बोटायच्या मधात. पोट्टी विचारे, क्या ढूंढ रही हो मम्मी, हे पोट्टे समजतात मराठी पण बोलतात हिंदी, अन् मी म्हणो, काई नाई, मळ पाहून राह्यली. चवदा वर्षांची होईस्तोवर पाह्यलं. काई निघालं नाई. तवा मी मंदिरात जाऊन नारळ फोडलं होतं.

माह्या धंद्याचं ऐका. लगनाआधी बापाच्या घरी, मंग इथं पुढच्या खोलीत मशीन टाकली, लेडीज टेलर, पंडरीच्या कापडबाजारातून बाया कापड घेऊन येत अन् संगं एक जुना ब्लाउज आणत. मापाचा ब्लाउज. यावरून शिवून द्या म्हणत अन् टेबलावर ठेवून देत. दुसऱ्या टेलरकडे टेप लावून माप देतात, माह्याकडे ब्लाउज. काहून, ते त्यायलेबी माहीत अन् मलेबी माहीत. माहा हात त्यायच्या अंगाले नको, पण हातानं शिवलेलं अंगावर चालते. मी बी कधी टेप उचलला नाई. पण त्या जुन्या ब्लाउजवरून मी सगळं वाचाले शिकली. कोणाचा एक खांदा उतरला आहे, कोणाच्या लेकराचं दूध तुटलं अन् छातीत शिवण आत घ्यावी लागली, कोण घाबरते तं बगलेतलं कापड कुजते. माणूस न पाहता मी माणूस ओळखो. पस्तीस वर्षं एका बी बाईले हात न लावता मी सगळ्या गुढ़ियारीचे ब्लाउज शिवले.

मंग मागच्या हिवाळ्यात ते नेहादीदी आली. पुण्याकडची, नवऱ्याची नोकरी इथं नव्या राजधानीत, अन् ही चित्रं काढणारी. मांजरपाटाचा गठ्ठा घेऊन आली, म्हणे दोन-दोन पन्हे जोडून द्या, माणूस झोपेल एवढी चादर पाहिजे. मी म्हटलं कायले. तं म्हणे पाऱ्यातल्या बाया यावर झोपतील, त्यांच्या अंगाभोवती रेघ मारायची, अन् मग ज्यानं त्यानं आपलं अंग आतून कापडानं, धाग्यानं भरायचं, जे अंगानं सोसलं ते, जे आवडतं ते. अन् समाजभवनात पंधरा दिवस टांगायचं, येणाऱ्यानं बी सुईनं एखादा टाका घालायचा. मले वाटलं हिचं डोकं फिरलं आहे. तिनं विचारलं, तुमची मराठी किती गोड आहे हो, मूळच्या कुठल्या? मी म्हटलं, गोड नाई, गुढ़ियारीची आहे. हसली बिचारी. वाईट नव्हती.

पह्यल्या दिवशी समाजभवनात बारा-तेरा बाया जमल्या, पण झोपाले कोणी तयार नाई. दीदीसंगचा फोटोवाला माणूस उभा, चॉक त्याच्या हातात. सुखमती होती, आमच्या गल्लीच्या टोकाले भाजी विकते, इथलीच, तिनं माह्याकडे पाह्यलं अन् म्हणाली, मराठीन दीदी, तैं खींच न, येकर आगू मैं नइ सुतौं. म्हंजे याच्यासमोर मी झोपणार नाई, तू ओढ रेघ. मी म्हटलं, माहे हात पाह्यले का? ती म्हणे, हव, देखे हौं, बीस साल ले देखत हौं, खींच. अन् झोपली पदर सारखा करून. मी फोटोवाल्याले बाहेर काढलं, दार लावलं, अन् माहा टेलरचा चॉक घेऊन गुडघ्यावर बसली. तिच्या मानेपासून सुरू केलं, खांदा, दंड, बगल, कंबर, हात लावल्याशिवाय रेघ कशी मारन. एकामागं एक सगळ्या झोपल्या. कोणी अंग चोरलं नाई. सगळ्यात शेवटी मी झोपली, माही रेघ सुखमतीनं ओढली. मी घरी येऊन चूल पेटवली नाई त्या दिवशी, यायले म्हटलं, बाहेरून काई तरी आणा, मले आज बसू द्या.

आता माही चूक ऐका. रेघा मारून झाल्यावर दीदीनं म्हटलं, रेघेवर कापा, माणसाच्या आकाराचं कापड पाहिजे. मी कापलं. दुसऱ्या दिवशी टांगून पाह्यलं तं दीदी म्हणे, अहो सुशीलाताई, हे सगळं जाड का दिसतंय? पाह्यलं तं काय, सगळ्यायच्या रेघेच्या बाहेर दोन-दोन बोटं कापड सोडलं मी. मार्जिन. पस्तीस वर्षांची सवय, कैची रेघेवर चालतच नाई, रेघेच्या बाहेरून चालते. आपण ब्लाउजात आत दोन बोटं ठेवतोच नं, बाई उद्या अंगानं भरली का उसवून सैल करता येते. दीदी म्हणे, काढून टाका ते, अंग जसं आहे तसं पाहिजे. मी म्हटलं, ते नाई होणार. अंग आज आहे तसं उद्या राह्यते का? मार्जिन न सोडता मी कोणाचं काई कापत नाई, तुमाले नको असन तं दुसरा टेलर पाहा. दीदी चार दिवस तोंड लहान करून राह्यली. पण कापड तसंच राह्यलं.

सुखमतीनं आपल्या कापडावर काळ्या धाग्यानं सगळं गोदना, म्हंजे गोंदण, भरलं, हातावरचं, पायावरचं, जसंच्या तसं. कोणी भाजल्याचं लाल कापड लावलं. दीदीनं सगळ्यायले एक लाल दोरा देला, तुमचं गाव अंगात कुठं आहे तिथं बांधा म्हणे. कोणी छातीवर बांधला, कोणी पोटावर. मी दोन्ही तळपायायले बांधला. मशीन तिथूनच चालते माही. अन् मंग अंग भरायची वेळ आली तं मी दोन दिवस नुसती कापड घेऊन बसली. तपकिरी रंगाचं सुती कापड लावलं पह्यले, सगळं, डोक्यापासून पायापर्यंत. छान दिसत होतं. तसंच टांगलं असतं तं कोणी काई म्हटलं नसतं. मंग मले राग आला. कोणावर ते सांगता येत नाई, पण कपाळ तापलं. घरात अस्तराचा गठ्ठा होता, पांढरा, जो आपण नेहमी आत लावतो, तो घेतला, कैचीनं डाग कापले, कोपरावरचा पह्यले, मंग बोटायवरचे, मानेवरचा, पोटावरचा जो यायच्याशिवाय कोणी पाह्यला नाई तो बी, अन् सगळे वरून लावले, बारीक टाक्यानं. खाली नाव भरलं, सुशीला निनावे, गुढ़ियारी.

टांगून पाच दिवस झाले असतील तं यायचे मोठे भाऊ, म्हंजे माहे भासरे, पुरानी बस्तीतून आले. रश्मीचं स्थळ त्यायनंच पाह्यलं होतं, नागपूरचं, पोरगा बँकेत, येत्या रविवारी ते लोक पाह्याले येणार होते. खुर्चीवर बसले नाई, उभ्यानंच बोलले. म्हणे, सुनबाई, तमाशा लावला तुमी. तिथं आपलं आडनाव लिहून ठेवलं. ते लोक स्टेशनवरून गुढ़ियारीतूनच येतील, कोणी दाखवलं तं? आमी त्यायले सांगतलं आहे का पोरीची आई जराशी आजारी राह्यते म्हणून. मी म्हटलं, मी कवा आजारी पडली? तं म्हणे, ते सोडा, जिंदगीभर पोरगी घरात बसवायची आहे का, रविवारच्या आत ते खाली उतरवा, अन् रविवारी पूर्ण बाही घालून आतच राहा. यायच्याकडे पाह्यलं मी. हे म्हणाले, भाऊ, चहा घ्या. हे असेच आहेत, बोलत नाई.

खोटं कायले बोलू, मी हारली. माह्यासाठी असतं तं भासऱ्यायले दारातून परत पाठवलं असतं, पण पोरीचं नाव घेतलं का माही जीभ अडकते. शुक्रवारी दुपारी कैची पिशवीत टाकली अन् समाजभवनात गेली, उतरवाले. सुखमती पायरीवर बसली होती, तिनं सरकून वाट देली. मी आत गेली, स्टूल लावलं, वर चढली, अन् माह्या कपड्याची मान माह्या डोळ्यासमोर आली. तिथं, रेघेच्या बाहेर, त्या दोन बोटं मार्जिनमध्ये, एक नवा डाग लावला होता. पांढरा, चिंचोक्याएवढा. आल्यागेल्यायनं बाकी कपड्यायवर टाके घातले होते, फुलं, बटन, पण हा डाग कोणी तरी जपून लावला होता, जागा पाहून. टाके मोठे-मोठे, वाकडे, अन् सगळे डावीकडे झुकलेले. माह्या घरात एकच जण डावरी आहे. लहानपणी कान धरून शिकवलं तिले, तरी तिचा टाका कधी सरळ झाला नाई.

मले वाटलं लाडानं लावला असन, आईले साथ म्हणून. घरी आली. रश्मी ऑफिसातून आली, चपला काढून राह्यली होती, मी म्हटलं, ते मानेजवळचं तूच लावलं नं? ती उभी राह्यली. मंग पाठ फिरवली अन् केस वर उचलले. मानेवर, केसायच्या आत, तेवढाच. चिंचोक्याएवढा.

म्हणाली, दो साल हो गए मम्मी.

मी म्हटलं, मले काहून नाई सांगतलं. म्हणे, कैसे बताती, आप हर शनिवार ढूंढती थीं, मुझे पता था क्या ढूंढती थीं. छुपाना तो आपसे ही सीखा ना. काई रागानं नाई बोल्ली. सरळ बोल्ली, जसं भाजीत मीठ नाई म्हणते तशी. ताई, माह्या सासूनं बोललेलं, भासऱ्यायनं बोललेलं, नागपूरच्या बायायनं बोललेलं, सगळं पचवलं मी. हे नाई पचलं. मी तिले जवळ घेतलं अन् रडली, लाज नाई सांगायले, मोठ्यानं रडली, अन् हे दारात येऊन उभे राह्यले अन् त्यायनं पंखा लावला. तीच आपली म्हणे, मम्मी बस करो, कपडा उतार दिया क्या? मी म्हटलं, नाई. अन् आता कोणाचा बाप आला तरी उतरवत नाई.

शनिवारी मी दुसऱ्याचं काम बाजूले ठेवलं अन् स्वतःसाठी ब्लाउज कापला. लुगड्याच्या रंगाचा, हिरवा. बाही कोपराच्या वर. चार बोटं वर. जिंदगीत पह्यला. रविवारी सकाळी घालून बाहेर आली तं हे पेपर वाचत होते, वर पाह्यलं अन् म्हणाले, बरा बसला. भासरे आले, मले पाह्यलं, अन् त्यायचा चेहरा उतरला, पण तेवढ्यात पाव्हणे दारात. पोरगा, त्याची आई, अन् मामा. चहा मीच नेला. पोराच्या आईनं कप घेतला, माह्या हाताकडे पाह्यलं, कप खाली ठेवला नाई पण पेली बी नाई. रश्मी आली, केसायचा वर अंबाडा बांधून. मी म्हटलं, बाई, पोहे मंग खा, पह्यले चला, तुमाले एक दाखवतो, इथं दोन मिनिटांवर आहे. भासरे म्हणाले, सुनबाई, बसा. मी म्हटलं, भासरे, तीस वर्षं बसली.

नेलं त्यायले समाजभवनात. कपड्यासमोर उभं केलं. म्हटलं, ही मी आहे, सुशीला निनावे, हे कोड आहे, अकरा वर्षांची होती तवापासून आहे, मी आजारी नाई, कधी नव्हती. अन् हा जो मानेजवळचा आहे, हा माह्या रश्मीचा. उद्या वाढन, नाई बी वाढन, डॉक्टरले माहीत नाई तं मले काय माहीत. लागत नाई, पण तुमाले वाटत असन तं आत्ताच वाटू द्या, मांडवात नको. पोराची आई पर्स घट्ट धरून होती. मामा बाहेर निघून गेला. पोरगा कपड्याच्या जवळ गेला, पाह्यलं, अन् रश्मीले विचारलं, दुखता है क्या? रश्मी म्हणाली, नहीं, लोग देखते हैं तब थोड़ा. मंग त्याच्या आईनं त्याले हाक मारली.

कळवतो म्हणून गेले. दोन महिने झाले, कळवलं नाई. भासरे आमच्या दारात येत नाई, सणाले बी नाई आले. पोरगा रश्मीले फोन करते म्हणे कधीकधी, मी विचारत नाई. त्याले यायचं असन तं मायले घेऊन येईन, अन् चहा पेईन. नाई आला तं नाई आला, माही पोट्टी अंबाडा बांधून ऑफिसले जाते, तेवढं मले रोज सकाळी दिसते. अन् हे बी लिहा, कोणाशीबी होऊ दे तिचं लगन, कधीबी होऊ दे, पह्यली हळद या हातानं लागन. ज्याले चालत नसन त्यानं मांडवाच्या मागं जाऊन खुर्च्या मोजाव्या.

दीदीचं ते पंधरा दिवसायचं संपलं, तिनं सगळ्यायले आपापले कपडे परत देले. सुखमतीनं तिचा घरी पेटीत ठेवला. माहा हा पाहा, तुमच्या मागच्या भिंतीवर, मशीनच्या वर. बाया येतात, पह्यले त्याच्याकडे पाहतात, मंग माह्याकडे. दोघी-चौघी गेल्या दुसरीकडे, जाऊ द्या. अन् तुमी आल्या तवाच पाह्यलं मी, तुमच्या पिशवीतून बी मापाचा ब्लाउज डोकावून राह्यला आहे. तो राहू द्या पिशवीत. वही ठेवा खाली, उभ्या राहा, हात वर करा. मी टेप लावून माप घेतो आता. अन् बाही किती ठेवायची ते सांगा, मी विचारून शिवतो.